स्टार्टरमधली काडी

विहिरीवरच्या पेटीचे दार उघडे होते आणि आतल्या स्टार्टरमध्ये एक काडी खोचलेली होती. मोटार बंद पडू नये म्हणून स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटारीच्या तारा जोडणारा-तोडणारा चुंबकी स्विच, आत दाबून काडी अडकवणे हा प्रकार आमच्याकडे, म्हणजे कृष्णाकाठच्या वाळवा तालुक्यात, कोणालाच नवा नाही. एरवी मी तो पाहून पुढे गेलो असतो. थांबलो ते त्या काडीच्या घडणीमुळे. बाभळीची ती काडी विळ्याने तासून गुळगुळीत केलेली होती, खोबणीत नेमकी बसावी म्हणून एका टोकाला तिरकी कापलेली होती, आणि तिच्याच मापाची दुसरी काडी पेटीच्या कडीला दोऱ्याने बांधून ठेवलेली होती. पहिली निसटली तर रात्री अंधारात शोधाशोध नको, एवढा पुढचा विचार त्यामागे होता. मी वाकून पाहतो आहे हे दिसताच मागून माझ्या चुलत्यांचा, आप्पांचा, आवाज आला, "काढू नगंस ती. सरी भरत आलीया." मोटार चालू होती, पाणी उसात जात होते आणि लाईट पहाटे जाणार होती. उघड्या, चालू पेटीत हात घालण्याइतकी घाई मलाही नव्हती.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्याचे कारण आप्पांचा निष्काळजीपणा नव्हता. निष्काळजी माणूस दुसरी काडी बांधून ठेवत नाही. आप्पा बियाण्याची कांडी डोळे पाहून निवडतात, खताच्या पोत्याची शिलाई दोरा न तोडता उसवतात, खुरप्याला धार लावल्याशिवाय बांधावर पाय ठेवत नाहीत. अशा माणसाने इतक्या निगुतीने नेमकी तीच गोष्ट निकामी केली होती, जी मोटारीला आणि त्यांना सांभाळण्यासाठी त्या पेटीत बसवलेली असते. विचारले तेव्हा त्यांचे उत्तर सरळ होते: स्टार्टर अर्ध्या तासात पडतो, थंडीवाऱ्यात उठून विहिरीवर जाऊन बटण दाबावे लागते, परत येऊन अंग टेकवावे तर पुन्हा पडतो. रात्रपाळीच्या लाईटवर ऊस भिजवणाऱ्याला हे कसे वाटते ते मी लहानपणापासून पाहिले आहे. त्यामुळे रागावण्याचा हक्क आपल्याला आहे का, हा प्रश्न मला पडला, आणि तरी राग येतच होता.

स्टार्टरची रचना पाहिली की ती काडी काय काय करते ते ध्यानात येते. हिरवे बटण दाबले की कॉईलमधून करंट जातो, कॉईल लोखंडी गाभ्याला खेचते, तिन्ही फेजचे पॉइंट एकदम मिळतात आणि मोटार फिरू लागते. बटण सोडल्यावरही कॉईल चालू राहते, कारण कॉन्टॅक्टरचाच एक छोटा पॉइंट तिला करंट पुरवत राहतो. आता गंमत अशी की भार वाढला की पडणारा ओव्हरलोड रिले असो, फेज गेल्यावर मोटार थांबवणारा प्रिव्हेंटर असो किंवा लाल बटण असो, यांतले कोणीही मोटारीची तार स्वतः तोडत नाही. सगळे मिळून फक्त कॉईलचा करंट तोडतात. पॉइंट उघडण्याचे काम पुढे स्प्रिंग करते. काडीने स्प्रिंगच अडवली की मोटारीवर भार वाढो, एक फेज जावो किंवा लाईट जाऊन परत येवो, पॉइंट मिटलेलेच राहतात. वितभर काडीने एका जागी चार रखवालदार झोपवलेले असतात.

लाल बटण दाबून पाहिले. मोटार चालूच राहिली.

यातले फेज जाण्याचे दुखणे आमच्या भागात सर्वांत जुने. तालुक्याच्या गावी मोटार भरून देणाऱ्याचे दुकान होते, तिथे मी शाळकरी वयात वडिलांबरोबर बसत असे. वॉर्निशचा गोडसर, डोके जड करणारा वास, भट्टीतून काढलेल्या स्टेटरचा, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागाचा, धूर आणि कोपऱ्यात काळ्या पडलेल्या तांब्याच्या गुंडाळ्यांचा ढीग. तिथला कारागीर मोटार उघडून एकदा आत डोकावला की शेतकऱ्याला काही न विचारता सांगत असे, "फेज गेला होता." त्यात जादू नव्हती. स्टार जोडणीच्या, म्हणजे तिन्ही गुंडाळ्यांची एकेक टोके एकत्र बांधलेल्या, मोटारीचा एक फेज गेला की तीनपैकी दोन फेजच्या गुंडाळ्या जळून कोळसा होतात आणि तिसरी नव्यासारखी राहते; डेल्टा जोडणीत, म्हणजे गुंडाळ्या त्रिकोणात जोडलेल्या असताना, उलट, एकच जळते आणि दोन वाचतात. सगळ्याच गुंडाळ्या सारख्या काळ्या असतील तर भार जास्त होता किंवा व्होल्टेज कमी होते. एक फेज जाऊनही मोटार फिरत राहिली तर उरलेल्या दोन तारांमधला करंट जवळपास पावणेदोन पट होतो, आणि गुंडाळीतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. म्हणजे तिप्पट उष्णता. सबमर्सिबल मोटारीला तेवढ्या उष्णतेने जळायला फार वेळ लागत नाही, आणि ती पाण्याखाली असल्याने वासही वर येत नाही.

आणखी एक गोष्ट त्या कारागिराकडून कळली, जी पुढे अभियांत्रिकीच्या वर्गात समजली. फेज गेला आहे का हे पाहायला आपण खिशातला निऑन टेस्टर लावतो आणि तो तिन्ही तारांवर पेटतो, कारण गेलेल्या फेजच्या तारेवर मोटारीच्या गुंडाळीतून व्होल्टेज परत आलेले असते. टेस्टर पेटला म्हणून फेज आहे असे नाही, आणि पेटला नाही म्हणून तार मेली असेही नाही. कोरड्या लाकडी फळीवर उभे राहिले की तोच टेस्टर जिवंत तारेवरही कधी मिणमिणतो, कधी मुळीच पेटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाईट नव्हती. आप्पांचे म्हणणे, आता लाईट नाहीच आहे तर उघड आणि बघ. नेमके हेच मला नको होते. लाईट जाणे आणि आपण ती बंद करणे यांत फरक आहे. गेलेली लाईट कोणालाही न विचारता येते. म्हणून आधी मेन स्विच पाडला, त्याची तिन्ही किटकॅट, म्हणजे फ्यूज बसवलेल्या खुंट्या, काढली आणि खिशात घातली. ही सवय मी कारखान्यात शिकलो नाही. गावातल्या जुन्या वायरमनची ती पद्धत आहे. फ्यूज खिशात असला की आपल्या माघारी कोणी कौतुकाने मेन चढवला तरी काही होत नाही. मी ज्या साखर कारखान्यात देखभालीचे काम करतो तिथे यालाच लेखी परवाना, प्रत्येकाचे स्वतःचे कुलूप आणि त्यावर नावाची चिठ्ठी असा थाट असतो. कुलपाची किल्ली ज्याची त्याच्याच खिशात राहते, साहेब आला तरी दुसऱ्याचे कुलूप काढायचे नाही. दोन्हींतला हेतू एकच, आणि खरे सांगायचे तर किटकॅटवाला वायरमन मला अधिक आवडतो, कारण त्याच्यावर कोणी सक्ती केलेली नसते.

मग ऑटो. आमच्या स्टार्टरला ऑटोस्विच आहे, लाईट आली की थोड्या वेळाने तो आपोआप मोटार सुरू करतो. महावितरण ऑटो काढा म्हणून सांगते, त्याचे कारण डीपीशी, म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरशी, आहे. पाच एचपीची मोटार चालताना साधारण साडेसात अँपिअर घेते, पण सुरू होताना त्याच्या सहापट. एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी लाईट येताच एकदम उठल्या तर डीपीचा फ्यूज उडणार नाही तर काय होणार. शेतकऱ्याला याचा राग येतो, कारण ऑटो नसेल तर रात्री दोनला त्यालाच उठावे लागते. मला ऑटोची भीती वाटते ती वेगळ्याच कारणाने. लाईट नाही म्हणून माणूस विहिरीत पाइपाच्या तळच्या फूटव्हॉल्व्हचा गाळ काढायला उतरतो, आणि वर पेटीत ऑटो जागा असतो. ऑटोची तार कुठून घेतली आहे हेही पाहावे लागते. आमच्याकडे ती मेन स्विचच्या पुढून होती, पण काही ठिकाणी ती मागून, म्हणजे थेट येणाऱ्या तारेवरून, घेतलेली आढळते. तिथे मेन पाडूनही पेटीतली एक तार जिवंतच राहते.

दुपारी लाईट आल्यावर तपासणी पुरी केली. दोन बल्ब सिरीजमध्ये जोडलेला टेस्ट लॅम्प आधी मेनच्या येणाऱ्या बाजूला लावून पाहिला: पेटला. दोन बल्ब यासाठी की दोन फेजमध्ये 415 व्होल्ट असतात आणि 230 व्होल्टचा एकटा बल्ब तिथे हातातच फुटतो. मग तोच लॅम्प स्टार्टरच्या टर्मिनलांवर, प्रत्येक दोन फेजमध्ये आणि प्रत्येक फेजपासून अर्थिंगपर्यंत लावला: पेटला नाही. मग पुन्हा येणाऱ्या बाजूला: पेटला. शेवटची ही पायरी लोक गाळतात. मधल्या वेळात लॅम्पची वायर तुटली असेल तर "पेटला नाही" याला काहीच अर्थ उरत नाही. स्टार्टरच्या बाजूला कॅपॅसिटर आहे. मेन पाडल्यावरही त्यात चार्ज राहू शकतो, म्हणून थोडा वेळ थांबून त्याच्या टोकांना तोच लॅम्प लावला. तिथेही तो पेटला नाही. आप्पा हे सगळे बांधावर बसून पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिले होते की शहाण्या पुतण्याने पाच मिनिटांच्या कामाला सोहळा केला आहे.

दोष मात्र सोहळ्यातच सापडला.

ओव्हरलोड रिलेच्या मधल्या टर्मिनलपाशी तारेचे प्लास्टिक तपकिरी होऊन आक्रसले होते, बोटभर अंतरापर्यंत. स्क्रूला पेचकस लावला तर तो पाऊण फेरा सहज फिरला. अ‍ॅल्युमिनियमची तार लग, म्हणजे टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी, न लावता थेट पितळी स्क्रूखाली दाबलेली होती. अ‍ॅल्युमिनियम दाबाखाली हळूहळू सरकते, गरम-थंड होताना सैल पडते, सैल झाले की त्या जागी उष्णता वाढते आणि उष्णतेने ते आणखी सैल होते. रिले पडत होता त्याचे कारण हेच. त्याच्या आत दोन धातूंची जोडपट्टी असते, ती तापली की वाकते आणि कॉईलचा करंट तोडते. ती मोटारीच्या करंटने तापली की शेजारच्या सैल स्क्रूने, हे तिला कळत नाही. मोटार निर्दोष होती. तारेभोवती धरून करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर पुढे तिन्ही फेजचा करंट जवळजवळ सारखा आला. रिले काही आठवडे रोज रात्री सांगत होता की इथे काहीतरी तापते आहे, आणि त्याचे म्हणणे त्याला समजेल तेवढ्या भाषेत खरे होते. तासलेल्या काडीने आप्पांनी झोप मिळवली होती, पण स्क्रू तापायचा थांबला नव्हता. तो आणखी काही दिवस तसाच तापला असता तर ती तार तिथून तुटली असती, म्हणजे एक फेज गेला असता, आणि काडी असल्यामुळे मोटार फिरतच राहिली असती. दुकानातल्या त्या ढिगात आणखी एक गुंडाळी.

जळका भाग कापून टाकला, लग दाबून बसवला, टर्मिनल काळवंडलेले होते म्हणून रिले नवाच आणला. जुन्याची चकती शेवटच्या आकड्यावर ठोकलेली होती. पडतो म्हणून वाढवत नेण्याची ही रीत सार्वत्रिक आहे. नवा साडेसातवर ठेवला, मोटारीच्या पाटीवर जो आकडा आहे तोच. मोटार आधी स्टारमध्ये उठवून मग डेल्टात नेणाऱ्या स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले डेल्टाच्या आतल्या तारेत असेल तर तो पाटीवरच्या करंटच्या 58 टक्क्यांवर ठेवावा लागतो, कारण तिथून तेवढाच करंट जातो. पण मोठ्या मोटारींच्या पेट्या उघडल्या की बहुधा तो पुऱ्या आकड्यावर असतो, म्हणजे शोभेपुरता असतो.

पेटी उघडलीच होती म्हणून बाकीचेही पाहिले. गाभ्याच्या दोन तोंडांमध्ये कुंभारमाशीने मातीचे घर करायला घेतले होते. एवढीशी माती मध्ये आली तरी चुंबक पूर्ण मिटत नाही, कॉन्टॅक्टर गुरगुरतो, कॉईल जास्त करंट ओढते आणि शेवटी जळते. गुरगुरण्याची दुसरी कारणेही आहेत: तोंडांवरचा गंज, कमी व्होल्टेज, किंवा गाभ्याच्या तोंडात बसवलेले तांब्याचे बारीक कडे तुटणे. एसी करंट सेकंदाला शंभरदा शून्यातून जातो आणि तेवढ्या वेळा चुंबकाची पकड ढिली होऊ पाहते. ते कडे ती पकड टिकवते. कोरड्या फडक्याने तोंडे पुसली, तेल लावले नाही, कारण तेलावर धूळ बसून पुढच्या पावसाळ्यात चिखल होतो. पॉइंट काळे दिसत होते, आणि आप्पांनी लगेच पॉलिश पेपर पुढे केला. घेतला नाही. कॉन्टॅक्टरच्या पॉइंटवर चांदीच्या मिश्रधातूचा थर असतो आणि त्याच्यावरचा काळेपणा करंटला फारसा अडवत नाही. घासण्याने काळेपणाबरोबर चांदीही जाते, आणि खाली तांबे लागले की पॉइंट चिकटू लागतात. चिकटलेला पॉइंट आणि खोचलेली काडी यांत मोटारीला काही फरक कळत नाही. खड्डे पडले असतील, थर संपला असेल, तर पॉइंट बदलायचे, तेही तिन्ही एकदम. जुन्या तेलातल्या, दांड्याच्या स्टार्टरांना तांब्याचे पॉइंट असत. ते कानशीने साफ केले तर चालत असे, आणि आप्पांचा हात त्याच स्टार्टरांवर बसलेला आहे.

अर्थिंगची तार गंजून पेटीच्या बोल्टपाशी तुटायला आली होती, ती बदलली. आप्पा पेटीला हात लावताना नेहमी पालथा हात लावतात. शॉक बसला तर स्नायू आखडतात, तळहाताने धरले तर मूठ आवळली जाते आणि सुटत नाही. पालथा हात झटकला जातो. सुमारे दहा मिलीअँपिअरच्या पुढे माणसाला स्वतःची मूठ सोडवणे कठीण होते, ही प्रयोगशाळेतली गोष्ट त्यांच्या हाताला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पण पालथा हात लावावा लागतो याचा अर्थ अर्थिंगवर भरवसा नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतत जा, असे मी त्यांना सांगितले. तुझी काकू तुळशीला ओततेच की, आता इथेही ओतायला लावतो, असे ते म्हणाले.

एक गोष्ट मात्र मला दुरुस्त करता आली नाही. रात्री अकराच्या सुमारास मीटर लावला तर दोन फेजमध्ये 330 व्होल्ट होते. मोटारीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. 415 च्या जागी 330 मिळाले की ती 63 टक्क्यांवर येते. पाणी तेवढेच उचलायचे असल्याने करंट वाढतो आणि रिले पुन्हा तापू लागतो. त्या रात्री तो पडला नाही, पण ऐन उन्हाळ्यात, सगळ्यांच्या मोटारी लागल्यावर, पडेल. तेव्हा त्याचे पडणे बरोबरच असेल आणि आप्पांचे वैतागणेही बरोबरच असेल. लाइनच्या शेवटच्या खांबावरच्या शेतकऱ्याने मोटार जपावी की ऊस, हे रिले बसवणाऱ्या माझ्यासारख्याने विहिरीवर उभे राहून सांगणे सोपे आहे. डीपीवर चढून काही करण्याचा अधिकार महावितरणच्या माणसाशिवाय कोणाला नाही आणि नसावा. अर्ज दिला आहे. तोवर कॅपॅसिटर चांगला ठेवणे, तारा पुऱ्या जाडीच्या ठेवणे, आणि रिले पडलाच तर दुसऱ्यांदा बटण दाबण्याआधी हात लावून कोणता स्क्रू गरम आहे ते, अर्थात मेन पाडून आणि लॅम्प लावून, पाहणे, एवढेच आपल्या हातात उरते. दोऱ्याला बांधलेली दुसरी काडी आप्पांनी सोडून चुलीत घातली की कुठे जपून ठेवली, ते मी विचारले नाही.

आता माळावरच्या तुकड्यासाठी चुलतभावाने सौर पंप घेतला आहे, 2024 पासून सुरू झालेल्या मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेतून. पाच एचपीचा पंप, साधारण 4,800 वॉटची पॅनेल, आणि खांबावर कंट्रोलरची पांढरी पेटी. रात्रपाळी संपली म्हणून घरात आनंद आहे आणि तो खरा आहे. आप्पांनी पेटीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पाहिले आणि विचारले, "ह्येचं किटकॅट कुठलं काढून खिशात घालायचं?" एवढा नेमका प्रश्न मला बसवायला आलेल्या मुलानेही विचारला नव्हता. ऊन असेपर्यंत पॅनेल बंद करता येत नाहीत. त्यांच्या तारांवर काही शे व्होल्ट डीसी उभे असतेच, लाईट गेली असे तिथे कधी होत नाही. एसीच्या ठिणगीला करंट शून्यातून जाताना विझायला वाव मिळतो, डीसीला तशी संधीच नाही. चालू पंपाचा कनेक्टर ओढला तर ठिणगी लांबत जाते आणि प्लास्टिक पेटते. म्हणून आधी कंट्रोलर थांबवायचा, मग डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनेलची तार तोडणारा स्विच, पाडायचा, मग कंट्रोलरच्या आतले कॅपॅसिटर रिकामे व्हायला पेटीवर लिहिली असेल तेवढी मिनिटे थांबायचे, आणि डीसी मोजणाऱ्या मीटरने पाहिल्याशिवाय झाकण उघडायचे नाही. आयसोलेटरच्या पॅनेलकडच्या बाजूला तर सूर्य मावळेपर्यंत हात लावायचाच नाही. कारखान्यातल्या, मोटारीचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या पेट्यांशी आमचा हाच व्यवहार असतो. आयसोलेटरच्या मुठीला कुलूप अडकवायचे भोक आहे, ते आप्पांना दाखवले. इस्लामपूरच्या बाजारातून पितळी कुलूप आणले, दोन किल्ल्यांचे. दुसरी किल्ली कोणाकडे राहायची यावर त्यांचे आणि चुलतभावाचे अजून एकमत झालेले नाही.